चारी कडा गच्च

सपाट वस्तू दिसली की जीवराम फेगडे सरांचा हात शिवशिवायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी येण्याआधी ते बोटाच्या पेराने ताट वाजवून बघत. एसटीत बसले की खिडकीखालचा पत्रा वाजवत. कुणाच्या दारावर थाप मारली तर ती आपण आलो हे सांगायला कमी आणि फळी किती जाड आहे ते कळायला जास्त. जळगावातल्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. पोरांनी त्यांचं नाव 'पत्रावाले सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

त्यांचा पीएच.डी.चा विषयच तो होता. आवाजाची लाट पत्र्यावर आदळते, पत्रा हलतो, आणि हलणारा पत्रा पलीकडे नवा आवाज सोडतो. भिंत आवाज अडवते असं आपण समजतो. सर म्हणत, अडवत नाही, ती तो ऐकते आणि पुढे सांगते. किती सांगते, हे आधी कागदावर काढता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक पत्र्याचा एक स्वतःचा आकडा असतो, सेकंदाला किती कंपनं, असा. बाहेरच्या आवाजाचा आकडा त्याच्याशी जुळला की पत्रा जिवावर उठल्यासारखा घुमतो. जुळला नाही की गुमान उभा राहतो. ऐकायला हे सोपं वाटतं. सरांची त्यात सात वर्षं गेली.

त्यांचे मार्गदर्शक देवरे सर धुळ्याला. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी जीवराम सर वह्यांची पिशवी घेऊन एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचे आणि संध्याकाळी नव्या चुका घेऊन परत यायचे. पुण्याला विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर दोनदा पाळी मिळाली, बाकी सगळं गणित हाताने. सगळ्यात मोठा घोळ कडांचा होता. पत्रा चौकटीत कसा धरलाय यावर त्याचा आकडा ठरतो. कडा चारी बाजूंनी गच्च धरल्या आहेत, असं धरलं तर गणित कष्टाने का होईना सुटायचं. कडा ढिल्या असल्या तर काहीच सुटायचं नाही, कारण ढिलं म्हणजे किती ढिलं? देवरे सर म्हणायचे, "कडा गच्च धर आणि पुढे चल. नाहीतर आयुष्यभर काठावरच बसशील." जीवराम सरांनी कडा गच्च धरल्या.

घरी त्यांची बायको सुमनबाई. जामनेरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नसत. सरांच्या प्रयोगात तिचा वाटा रव्याचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर पत्रा आडवा ठेवून खालून भोंग्याने आवाज सोडत आणि वर रवा भुरभुरवत. पत्रा जिथे हलत नाही तिथे रवा गोळा होऊन रेघा उमटत. एका रविवारी त्यांनी तिला मुद्दाम नेऊन दाखवलं. आवाज चढत गेला तशा रेघा मोडल्या, चौकोन झाले, मग चांदण्या. सुमनबाई तोंडावर पदर धरून बघत राहिली. "आवो, हे तं रांगोयी काढते!" ती म्हणाली. सात वर्षांत त्यांच्या संशोधनाचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. त्या दिवशी त्यांनी तिला परत येताना उसाचा रस पाजला, आणि सरांच्या हिशेबी ती मोठी चैन होती.

शहाऐंशी साली ते पिंप्राळ्यात भाड्याच्या घरात राहायला आले. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागचं स्वयंपाकघर पत्र्याचं. त्या स्वयंपाकघराच्या मागे, बैलगाडी जाईल एवढा बोळ सोडून, अमृतलाल शेठची डाळमिल. मिलचा मोठा पंखा सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत कोंडा ओढत राहायचा. त्याचा घूं असा खोल आवाज कानाला फारसा लागायचा नाही, छातीत लागायचा. सुमनबाईचा दिवस सगळा त्या स्वयंपाकघरात. महिन्याभरात तिचं डोकं धरू लागलं. सर शेठकडे गेले. अमृतलाल शेठ भला माणूस, चहा पाजला आणि म्हणाला, "सर, पंखा बंद केला तर कोंडा माझ्या माणसांच्या छातीत जाईल. तुम्हीच सांगा काय करू." परत येताना सरांना दुसरंच काहीतरी सुचलं, आणि ते बोळातच थांबून हसले. आपला विषय आपल्या घराच्या मागे येऊन उभा राहिलाय!

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जुना खडखडणारा पत्रा काढून नवी भिंत घालायचं ठरवलं. पंख्याचा आवाज मोजला : सेकंदाला अडतीस. मग उलटं गणित मांडलं. पत्रा किती जाड घ्यायचा, चौकट केवढी करायची, म्हणजे त्याचा आकडा अडतिसापासून लांब राहील? उत्तर आलं एकसष्ट. एकसष्ट म्हणजे भरपूर लांब. त्यांनी हिलाल मिस्तरीला बोलावलं.

हिलाल मूळचा धुळ्याकडचा, साठीला आलेला, शेडचे पत्रे ठोकण्यात हयात गेलेला. त्याने चौकटी केल्या, पत्रे कापले, आणि खिळ्यांसाठी भोकं पाडायला घेतली. भोकं खिळ्यापेक्षा मोठी दिसली तशी सर पुढे सरसावले.

"हिलालभाऊ, एवढी मोठी कशाला? खिळा ढिला बसेल."

"ढिलाच ठेवना पडस, सर. उन्हायामा पत्रा वाढस. त्याले सरकाले जागा नको का?"

"नाही नाही. चारी कडा गच्च पाहिजेत. मधे पट्टी लावा, जवळजवळ खिळे मारा. जरासुद्धा हलता कामा नये."

"सर, बठ्ठी जिंदगी मी हाईच काम करेल शे."

"असेल. पण ढिल्या कडेला माझ्याकडे समीकरण नाही."

हिलालने हातोडी खाली ठेवली. "मंग मी काय करू? पत्राले ठाऊक शे का तुमनं समीकरन?"

सर मोठ्याने हसले. ही गोष्ट धुळ्याला देवरे सरांना सांगायची, असं त्यांनी ठरवलं, आणि सांगितलीही, तेही हसले. मला या हसण्याचा अजून राग येतो. भिंतीसारखं गणित करता आलं नाही म्हणून या माणसाने गणितासारखी भिंत करून घेतली, आणि ज्याला भिंत कळत होती त्याला विनोद समजून मोकळा झाला. हिलालने मात्र सांगितलं तसं काम केलं. बोटाएवढ्या अंतरावर खिळे मारले आणि वर पट्टी आवळली.

आणि भिंत चालली हो! नोव्हेंबरात सुमनबाई पत्र्याला कान लावून उभी राहिली आणि हसली. पलीकडे पंखा चालू आहे हे सांगावं लागत होतं. डोकं दुखायचं थांबलं. शेजारच्या जतनबाईला तिने बोलावून दाखवलं, "आमच्या सरांनी आवाज बंद केला." सरांनी प्रबंधात या भिंतीवर अख्खं प्रकरण लिहिलं. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांत एकाचाही फरक नव्हता. तो हिवाळा त्यांच्या संसारातला सगळ्यात चांगला हिवाळा होता, असं सर नंतर म्हणत.

एप्रिलमध्ये सुमनबाई म्हणाली, "तो पुन्हा येते."

"कोण?"

"आवाज."

सर परीक्षेच्या कामावरून दिवेलागणीला घरी आले होते. हातपाय न धुता ते स्वयंपाकघरात गेले, पत्र्याला कान लावला. पंखा चालू, भिंत गप्प. "कुठे येतोय?"

"आता नही. दुपारी येते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजातून माइक आणि मोजायचं यंत्र आणलं. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजलं. काटा जागचा हलला नाही. सुमनबाई दाराशी पदर चावत उभी. सर ओरडले असते तर एक वेळ बरं झालं असतं, पण ते ओरडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तिला पाटावर बसवलं आणि फरशीवर खडूने आकृती काढून शांतपणे समजावून सांगितलं. पंख्याचा आकडा अडतीस. पत्र्याचा एकसष्ट. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून पत्रा घुमू शकत नाही. पंखा दुपारी आणि संध्याकाळी तोच, पत्राही तोच. मग आवाज दुपारीच कसा येईल?

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "येते तं येते."

दुपारी घरी येऊन बघावं, एवढं साधं त्यांना सुचलं नाही का? सुचलं. पण एप्रिलभर पर्यवेक्षण, आणि मे लागला की उत्तरपत्रिका तपासायला दीड महिना पुण्याला. दरवर्षीचा क्रम तो. शिवाय जायचं कशाला? कागद स्वच्छ होता. तीन संध्याकाळी काट्याने त्याला दुजोरा दिला होता. सर पुण्याला गेले.

तिकडे तिचं पत्र आलं. आंतरदेशीय पत्रावर मॅट्रिकच्या वळणदार अक्षरात तिने लिहिलं होतं, दुपारी तीनच्या सुमारास पत्र्याजवळ ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर गोल गोल लहरी उठतात. मी हात लावला नव्हता. डोकं फुटेल असं होतं. दोन दिवसांसाठी तरी या. सरांनी त्याच रात्री उत्तर लिहिलं. त्यात दोन्ही आकडे पुन्हा होते. तांब्याच्या लहरी बोळातून जाणाऱ्या बैलगाडीच्या असाव्यात, असं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आवाज असणे शक्य नाही. मन शांत ठेव.'

ते पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी सुमनबाईचा भाऊ कौतिक जामनेरहून आला आणि तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कान उत्तम निघाले. मग शेजारपाजारच्या बायका आपसात सुचवू लागल्या, मूल नाही, दिवसभर एकटी, असं होतंच. सर घरी आले की आवाज जातो आणि सर गेले की येतो, हे तर हसण्यासारखंच होतं, हसल्याही. जूनमध्ये सर परतले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि आवाज नव्हता. सुमनबाईने स्वतः कबूल केलं की आता नाही. सरांना हायसं वाटलं. तिला काय वाटलं ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मार्च संपता संपता ती दुपारची अंगणात, ओट्यावर, जतनबाईच्या दारात बसू लागली. आता ती सांगत नव्हती, नुसती स्वयंपाकघरातून उठून जायची. कौतिकने तिला जळगावातच डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ती दिवसा झोपू लागली, भाजीत मीठ दोनदा घालू लागली. एप्रिलअखेर कौतिक तिच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊनच आला. "दाजी, काही दिवस माहेरी ऱ्हाऊ द्या तिले," एवढंच म्हणाला. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी 'जा' म्हटलं नाही आणि 'राहा'ही म्हटलं नाही. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "तुमी एक डाव दुपारी घरी बसले असते." यात राग नव्हता, म्हणून सरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात सरांना कावीळ झाली. पुण्याला जाणं रद्द. अठ्ठ्याऐंशी सालचा मे, घराबाहेर पाऊल ठेवलं की चटका. सर पुढच्या खोलीत खाटेवर पडून होते, जतनबाई दोन वेळा मुगाचं पाणी आणून देत होती. एका दुपारी तहान लागली म्हणून ते भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले आणि उंबऱ्यातच थांबले.

आवाज येत होता.

आधी त्यांना वाटलं, तापामुळे कानात घुमतंय. मग दाताला जाणवलं. मग पायाखालच्या फरशीला. ते पुढे झाले आणि पत्र्यावर तळहात ठेवला, आणि लगेच काढला, कारण पत्रा तव्यासारखा तापला होता. टॉवेल गुंडाळून पुन्हा ठेवला. पत्रा थरथरत होता. सपाट राहिलाच नव्हता, प्रत्येक चौकटीत आत फुगून आला होता. तीन वाजले होते, पश्चिमेचं ऊन थेट त्यावर. त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि पत्र्याजवळ फळीवर ठेवलं. पाण्यावर गोल गोल लहरी उठल्या. बोळात बैलगाडी नव्हती.

सर फरशीवर बसले. समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. तापला की पत्रा वाढतो. कडा गच्च, वाढायला जागा नाही. मग तो आतल्या आत दाबला जातो आणि दाबलेल्या पत्र्याचा आकडा खाली उतरतो. एकसष्टवरून उतरत उतरत दुपारी तीनला तो अडतिसावर येऊन बसतो, पंख्याच्या मांडीला मांडी लावून. दिवेलागणीला पत्रा निवतो, आकडा पुन्हा वर. त्यांच्या समीकरणात सगळं होतं, फक्त ऊन नव्हतं. जळगावात बसून लिहिलेल्या समीकरणात ऊन नव्हतं! ते तास-दीड तास तिथेच, त्या आवाजात बसून राहिले. तिने दोन उन्हाळे काढले होते.

संध्याकाळी त्यांनी हिलालला निरोप धाडला. म्हातारा दुसऱ्या दिवशी आला, फुगलेला पत्रा पाहिला. तो काहीतरी बोलेल म्हणून सर खाली मान घालून उभे होते. "तुम्ही सांगत होता," अखेर सरच म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, सर," हिलाल म्हणाला आणि खिळे उपटायला लागला. त्याने भोकं मोठी केली, रबराच्या चकत्या घातल्या, कडा ढिल्या ठेवून पत्रे बसवले. त्या दुपारी तीनला सर माइक घेऊन बसले. पत्रा तापला, सरकला, आणि गप्प राहिला. त्याचा आकडा किती, हे आता सरांना काढता येत नव्हतं.

अंगात त्राण नसताना, डोळे पिवळे असताना, ते जामनेरच्या गाडीत बसले. खिशात एक कागद होता. त्यावर उन्हाचं गणित नव्याने मांडलेलं होतं आणि खाली दोन्ही बाजूंना अडतीस लिहिलेलं होतं. वाटेत त्यांनी खिडकीखालचा पत्रा वाजवला नाही. मनात एकच वाक्य घोळवत होते : तू म्हणत होतीस ते खरं होतं. हे वाक्य ऐकलं की ती रडेल, कदाचित रागावेल, मग पिशवी भरेल, असं त्यांनी पक्कं धरलं होतं.

कौतिकचं घर गावाच्या टोकाला, मातीच्या जाड भिंतींचं. दुपारची वेळ होती. वीज गेलेली, बाहेर चिटपाखरू नाही. सुमनबाई मधल्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. सरांना पाहून उठली, पाणी आणलं, डोळे का पिवळे म्हणून विचारलं. सरांनी पाणी ठेवून दिलं आणि वाक्य बोलून टाकलं. "सुमन, तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी ऐकला. दुपारी तीनला. आता भिंत दुरुस्त केली. आता नाही येत. तू चल."

ती रडली नाही की रागावलीही नाही. शेंगेचं टरफल हातात धरून मान जराशी तिरकी करून बसली, पत्र्याला कान लावायची तशी.

"इथंबी येते," ती म्हणाली.

"काय?"

"तोच. मागच्या पावसायातबी मंग येऊ लागला. थंडीतबी येत होता, मी सांगे नही." तिने समोरच्या मातीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "आता चालू हाये. तुमाले येते का?"

सरांनी ऐकलं. जन्मात कधी ऐकलं नव्हतं इतकं लक्ष देऊन ऐकलं. परसात शेळीने पाय आपटला. दूर कुणीतरी बादली ठेवली. हातभर जाड मातीची भिंत. इथे पत्रा नव्हता, पंखा नव्हता, कुठलाच आकडा नव्हता. हा आवाज घालवायला काही सैल करता आलं असतं तर ते त्यांनी तिथल्या तिथे नखांनी केलं असतं.

"येतो," ते म्हणाले.

सुमनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

"तुमाले नही येत," ती म्हणाली. "पन तव्हा असंच म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

खिशातला कागद सरांनी बाहेर काढला नाही. ते तिच्या शेजारी खाली बसले आणि सुपातल्या शेंगा फोडू लागले.